राजाची बाजू

क्षीरसागर मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी त्या रिकाम्या चौकात गाडी थांबवून आकडे मोजत होत्या. ऑगस्टमधली दुपार होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्यांच्या वसाहतीच्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पूर्ण थांबली. "एक, दोन, तीन," त्या मोठ्यानं म्हणाल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग निघाल्या. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मी ह्यूस्टनच्या विद्यापीठात शिकायला आले होते आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेणार होते. त्यांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर बॅग घेऊन मी गप्प बसले होते. अनोळखी माणसांसमोर मी तशीच बसते.

"कुणीच नाहीये," चौथ्या चौकात माझ्या तोंडून निघालं. मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"म्हणून तर थांबायचं," मावशी म्हणाल्या. "कुणी असलं की सगळेच थांबतात."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. कुणीच नाही हे माझं म्हणणंही खरं नव्हतं.

मावशी मूळच्या नागपूरच्या. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन टेक्सासला आल्या. नवरा तेल कंपनीत इंजिनियर होता, तो मी येण्याच्या बऱ्याच आधी गेला. मुलगा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. मावशींनी तीस वर्षं इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात जागतिक साहित्य शिकवलं. त्यांचे विद्यार्थी म्हणजे दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात येणारे लोक. नर्सेस, वेल्डर, ट्रक चालवणारे. त्यांना मावशी ग्रीक शोकांतिका शिकवायच्या. उंची पाच फुटांच्या आत, पांढऱ्या केसांचा बॉबकट, सलवार कमीज, पायात धावण्याचे बूट आणि डोक्यावर कॉलेजची बेसबॉल टोपी. बोलणं प्रमाण मराठीतलं, पण मनातून खूश असल्या की नागपूर बाहेर यायचं. "काय करून राहिलीस गं?" असा वर हाक मारण्याचा आवाज आला की समजावं, खाली काहीतरी चांगलं शिजलं आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या भागातल्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी एक वाचनगट सुरू केला. मराठी वाचनगट, पण वाचायचं ते ग्रीक. अडीच हजार वर्षांपूर्वीचं एकच नाटक, मावशींनी स्वतः मराठीत केलेलं. त्यांच्याच हस्ताक्षरातल्या पानांच्या झेरॉक्स. नाटकाचं नाव त्या कधी घेत नसत, "आपलं नाटक" म्हणायच्या. गोष्ट थोडक्यात अशी. युद्धात दोन भाऊ समोरासमोर लढून मरतात. राजा हुकूम काढतो की शहरावर चालून आलेल्या भावाला कुणी माती द्यायची नाही, त्याचं प्रेत उघड्यावर पडू द्यायचं. जो माती देईल त्याला मरणाची शिक्षा. त्या भावांच्या दोन बहिणी असतात. मोठी हुकूम मोडून भावाला माती देते आणि ते लपवत नाही. धाकटी घाबरते. आपण बायका, राज्यापुढे आपलं काय चालणार, असं म्हणून ती मागे राहते. पुढे मोठी मरते, आणि राजाचं घरही बुडतं.

मला मावशींनी जबरदस्तीनं नेलं नाही. "शनिवारी लायब्ररीत एसी चांगला असतो," एवढंच म्हणाल्या. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ते पुरेसं होतं.

गटात आठदहा जण असायचे, पण कायम बोलणारे दोन. एक पाटणकर काका. ते आयुष्यभर रिफायनरीत सेफ्टी बघत आलेले, त्यामुळे नियम म्हणजे नियम. दुसरी अनुजा, इथेच जन्मलेली डेंटिस्ट, जिचं मराठी अर्ध्या वाक्यात इंग्रजीत शिरायचं. पहिल्याच शनिवारी मावशींनी विचारलं, "कोणाचं बरोबर? बहिणीचं की राजाचं?"

"राजाचं," पाटणकर काका म्हणाले. "सिस्टिम आहे. एकाला सवलत दिली की संपलं."

"ओ माय गॉड, काका," अनुजा म्हणाली. "इट्स हर ब्रदर!"

"छान," मावशी म्हणाल्या. "मग काका, तुम्ही बहिणीचं वाचा. अनुजा, तू पहारेकरी, राजाला खबर देणारा."

हा त्यांचा नियम होता. ज्याला जी बाजू पटते, त्यानं दुसरी वाचायची. फक्त वाचायची नाही, वाचून झाल्यावर तिच्या बाजूनं भांडायचंही. पाटणकर काकांनी नाकावरचा चष्मा सावरत बहिणीचं स्वगत वाचायला घेतलं. सुरुवातीला सेफ्टी मॅन्युअल वाचल्यासारखं वाचत होते. मग भावाचा उल्लेख आला आणि ते थांबले. पाणी प्यायले. कॉलेजात असताना त्यांचा एक भाऊ विहिरीत बुडून गेला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मावशी माझ्याकडे वळल्या. "तुला कोणाची बाजू?"

मला धाकट्या बहिणीची वाक्यं हवी होती, कारण ती सगळ्यांत कमी होती. मी तसं म्हणाले.

"मग तू राजा."

सांगलीत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी हा आमच्यासाठी आठवड्यातून चार तासांचा विषय होता, मी जोडाक्षरांवर अडखळते. आणि राजाची भाषणं लांबलचक. मी मान खाली घालून, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, राज्य म्हणजे समुद्रावरचं जहाज आहे आणि ते नीट चाललं तरच माणसाला मित्र जोडता येतात, अशा अर्थाचं काहीतरी वाचलं. सगळे हसू दाबत होते. मावशी हसल्या नाहीत.

"परत," त्या म्हणाल्या. "तुझं शहर नुकतंच लढाईतून वाचलंय. रस्त्यात माणसं मरून पडलीत. लोकांना वाटतंय आता जो तो मनाला येईल तसं वागणार. तू त्यांना सांगते आहेस, नाही, तसं होणार नाही. घाबरलेल्या लोकांशी बोल."

मी परत वाचलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचला असावा, कारण अनुजा म्हणाली, "ओके, नाऊ आय काइंड ऑफ गेट हिम."

कुणी राजाला व्हिलन म्हटलं की मावशींना राग यायचा. "व्हिलन हवा असेल तर शेजारच्या थिएटरात जा, पॉपकॉर्नही मिळेल," म्हणायच्या. वर्गातल्या एका वेल्डरची गोष्ट त्या वारंवार सांगत. राजा चुकला कुठे, असं त्यांनी विचारल्यावर तो म्हणाला होता, हुकूम काढला तिथे नाही, रात्रभर थांबून परत विचार केला नाही तिथे. "मी परीक्षेत शंभर दिले त्याला," मावशी म्हणायच्या. "स्पेलिंगच्या सतरा चुका होत्या."

त्या नुसतं शिकवत नव्हत्या, तशा वागायच्याही. एका उन्हाळ्यात त्यांनी घरापुढच्या ड्राइव्हवेवर पांढऱ्या चादरीवर कुरडया वाळत घातल्या. तीन दिवसांत वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. दर्शनी भागात कपडे, सामान किंवा खाद्यपदार्थ वाळवण्यास मनाई. मावशी बैठकीला गेल्या, मला घेऊन. उभ्या राहिल्या आणि आधी असोसिएशनची बाजू मांडली. दर्शनी भागाचा नियम का असतो, एकाला सूट दिली तर दुसऱ्याच्या बोटीला आणि तिसऱ्याच्या गंजक्या ट्रकला नाही कसं म्हणणार, हे त्यांनी इतकं मुद्देसूद सांगितलं की अध्यक्षबाई मान डोलवायला लागल्या. मग त्यांनी आपली बाजू मांडली. मतदान झालं. मावशी हरल्या, सात विरुद्ध एक.

"तुम्ही त्यांचं काम सोपं केलंत," परत येताना मी म्हणाले.

"मग? अवघड करून जिंकले असते तर कुरडयांना काय चव आली असती?" त्या खरंच शांत होत्या. पुढची सगळी वाळवणं गॅरेजमध्ये पंख्याखाली झाली आणि त्यांना पेट्रोलचा किंचित वास येत राहिला. मावशी त्या तळून सगळ्यांना वाढायच्या. नियम पाळून वाळवलेल्या म्हणून एकटे पाटणकर काकाच त्या मनापासून खायचे.

मी दोन वर्षांनी शिक्षण संपवलं, नोकरी लागली आणि त्याच घरात राहिले. माझा स्टुडंट व्हिसावरून वर्क व्हिसावर जाण्याचा अर्ज पडून होता. तो मंजूर होण्याआधी मी देशाबाहेर पाऊल टाकलं तर मी अर्ज सोडून दिला असं धरलं जाणार होतं, असं कंपनीच्या वकिलानं दोनदा ईमेल करून सांगितलं होतं. जूनच्या सुरुवातीला सांगलीहून फोन आला. बाबांना हॉस्पिटलात हलवलं होतं. त्यांनी मागून फोन घेतला. दम लागत होता, तरी स्पष्ट बोलले. "येऊ नकोस. कागद हातात आल्याशिवाय हलायचं नाही." बाबा वीज मंडळात होते, कागदांवर त्यांची श्रद्धा होती. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मी गेले नाही. लॅपटॉपवर विमानाचं तिकीट उघडून तीन तास बसले होते, पण बटण दाबलं नाही.

त्या दिवसांत मावशी माझ्याशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. जिन्याच्या पायरीवर ताट ठेवायच्या, अर्ध्या तासानं उचलून न्यायच्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी खाली आले. त्या मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होत्या.

"मी ती धाकटी बहीण आहे," मी म्हणाले. एवढंच बोलता आलं.

त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं आता त्या जवळ घेतील. त्या तशा बाई नव्हत्या.

"पुढे तिचं काय होतं?" त्यांनी विचारलं. परीक्षेत विचारावं तसं.

मी आठवून पाहिलं. नाटकाच्या मध्ये ती एकदा येते. आता मोठीबरोबर मरायला तयार असते, मीही केलं म्हणते, आणि मोठी तिला झिडकारते. राजा तिला सोडून देतो. त्यानंतर ती रंगमंचावर येतच नाही. कुणी तिचं नावही घेत नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"लिहिलेलंच नाही. तीस वर्षांत एकानंही विचारलं नाही मला." त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. "भाऊ गेले, बहीण गेली, राजाची बायको गेली, मुलगा गेला. राजा वेड्यासारखा झालाय. मग पुढचं कोणी केलं असेल? पाणी कोणी तापवलं? त्या सगळ्यांना कोणी पोचवलं? तीच एक उरली होती ना घरात."

मग त्यांनी मला टोमॅटो तोडायला लावले.

दहाव्या दिवसाचे विधी कृष्णेच्या घाटावर होते. करणार होते माझे काका. चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, आमच्याकडे संध्याकाळ उतरत होती. पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, ढिगानं. एकही खाली येईना. काका हात जोडून म्हणाले, "वहिनींना सांभाळू." नाही. "घराचं सगळं नीट बघू." नाही. "केतकीचं लग्न थाटात करू." माझ्या लग्नातही कावळ्यांना काही रस दिसला नाही. अर्धा तास झाला. मग आत्या म्हणाली. मोठ्यानं नाही, पण फोन जवळ होता. "लेकीत जीव अडकलाय दादाचा. तिनं यायला हवं होतं. असा नाही शिवायचा कावळा."

कुणाला तरी सुचलं म्हणून चुलतभावानं फोन उंच केला आणि स्क्रीन झाडाकडे धरली. "बोल केतकी. बोल की गं काहीतरी!" मला फांद्या दिसत होत्या, आभाळ, कावळे. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घाटावरचे सगळे वाट बघत होते. मी बाबांच्या कावळ्यांसमोर, सात समुद्रांपलीकडून, लाजले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी चहाचा कप पुढे सरकवला. "झालं का सगळं?"

"झालं."

"कावळा शिवला?"

असं थेट विचारणाऱ्या त्या एकट्याच. मी नाही म्हणून मान हलवली. मग सगळं सांगितलं. माझ्या लाजण्याचंही.

त्यांनी ऐकून घेतलं. "बाबा शेवटचं काय बोलले होते?"

"येऊ नकोस."

"मग आत्याला वाटतं ते काही खरं नाही."

"मला माहितीये," मी म्हणाले. "पण तरी."

"हो," मावशी म्हणाल्या. "पण तरी." आणि त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

मागच्या अंगणात शेजाऱ्यांची दोन कुत्री कुंपणातून सतत भुंकत, तिथे पाखरू उतरत नसे. शिवाय पाणी जवळ हवं, असं मावशींचं म्हणणं. म्हणून आम्ही पार्कमधल्या तळ्यावर गेलो. भाताचा पिंड, वर काळे तीळ, खाली दारातल्या मॅग्नोलियाचं रुंद पान. गाडीतच त्यांनी मला सांगून ठेवलं, "हे मी करणार आहे, तू नाही. कुणी विचारलं तर तू माझी भाडेकरू, सोबत आलेली. पुढे व्हिसाच्या प्रत्येक फॉर्मवर तुला विचारणार की कधी सायटेशन, म्हणजे दंडाचं तिकीट, मिळालं का. उत्तर 'नाही' असलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे."

तळ्याकाठी पाटी होती. वर मगरीचं चित्र, खाली मजकूर. वन्य प्राणी व पक्ष्यांना अन्न देण्यास मनाई, उल्लंघन केल्यास दंड. मावशींनी ती पाटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली.

"माणसाच्या अन्नाची चटक लागली की मगरी माणसांजवळ येतात. इथे लहान मुलं खेळतात. चांगला नियम आहे."

"मग परत जायचं का?"

"नाही. नियम चांगला आहे आणि आपण तो मोडतोय. दोन्ही ध्यानात ठेव, एक सोयीचं तेवढं नको."

त्यांनी पाण्यापासून लांब, नाल्याच्या सिमेंटच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळे पलीकडच्या सायप्रसच्या झाडावर होते. आधी आले ते ग्रॅकल, लांब शेपटीचे काळे, पिवळ्या डोळ्यांचे, इथल्या प्रत्येक पार्किंगमध्ये हिंडणारे पक्षी.

"हे चालतील?" मी विचारलं.

"छे. तुझी आत्या म्हणेल भलतंच काहीतरी शिवलं." टोपी काढून त्या ग्रॅकलना हाकलू लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई टोपी फिरवत कठड्याभोवती धावत होती. "शूः! हट! बाप्पा, काय निर्लज्ज पाखरं आहेत! तू काय बघून राहिलीस? बोल! मी आहे इकडे, मला ऐकू येत नाही असं समज."

त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी बोलले. "बाबा, तुम्ही येऊ नको म्हणालात म्हणून मी आले नाही. पण मला यायचं होतं. कागद आले की आधी घरी येईन." सायप्रसपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं बोलले. राजाची भाषणं वाचून तेवढा आवाज माझ्यात आला होता.

तेवढ्यात मागे छोट्या गाडीचा आवाज आला. पार्कचा रेंजर. तरुण, उन्हानं लाल झालेला, अत्यंत नम्र. त्यानं पान पाहिलं, मावशींची टोपी पाहिली.

"मॅम, हे तुम्ही ठेवलंत का?"

"हो."

मी पुढे झाले. "सर, हे माझ्यासाठी... मीसुद्धा..."

"तिचा संबंध नाही," मावशी वळूनही न बघता म्हणाल्या. "भात मी शिजवला, मी आणला, मी ठेवला. पाटी वाचून ठेवला."

महिन्यापूर्वी लायब्ररीत आम्ही तोच प्रवेश वाचला होता, जिथे मोठी बहीण धाकटीला दोष वाटून घेऊ देत नाही. अनुजा तेव्हा म्हणाली होती की मोठी किती मीन, किती दुष्ट आहे. मला त्या क्षणी तसं वाटलं नाही.

रेंजर अवघडला. "ठीक आहे मॅम. तुम्ही ते उचला, मी काही पाहिलं नाही."

"तुम्ही पाहिलं आहे. आणि कावळ्यानं खाल्ल्याशिवाय मला ते उचलता येणार नाही. एका माणसाच्या मरणानंतरचं काम आहे. तुम्ही थोडं थांबता का?"

"मी इथे उभा राहून तुम्हाला नियम मोडू देऊ शकत नाही, मॅम."

"बरोबर आहे तुमचं," मावशी अगदी मनापासून म्हणाल्या. "मग तिकीट लिहा."

त्यानं नाइलाजानं पॅड काढलं. "पूर्ण नाव?"

"वत्सला ज्ञानेश्वर क्षीरसागर."

तो मावशींकडे बघत राहिला. मावशी एकेक अक्षर सांगू लागल्या. त्यांच्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स होतं, ते दाखवलं असतं तर मिनिटात काम झालं असतं. ते त्यांच्या पर्समध्ये होतं आणि पर्स माझ्या खांद्यावर होती. मी पर्सकडे हात नेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हात खाली घेतला. पहिलं नाव झालं. ज्ञानेश्वरपाशी गाडी अडली. "डी? आणि लगेच एन? मॅम, नक्की?" त्यानं खोडलं, कागद फाडला, नवा घेतला. मावशींनी पुन्हा व्हीपासून सुरुवात केली. मास्तरीण मुलाला शुद्धलेखन घालते तसं, सावकाश, थांबत थांबत. तो आडनावाच्या एचवर होता तेव्हा पलीकडून एक कावळा उडाला, कठड्यावर उतरला, दोन उड्या मारून पानाजवळ आला आणि त्यानं पिंडात चोच घातली. मग आणखी दोन आले.

रेंजरचं पेन थांबलं होतं. आम्ही तिघं बघत राहिलो.

"वेल," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आता उचलाल का, मॅम?"

"आता उचलते," मावशी म्हणाल्या. उरलेला भात, पान, शितं, सगळं त्यांनी पिशवीत भरलं आणि कठडा पाण्यानं धुतला. मग त्याला म्हणाल्या, "आय, आर, एस, ए. तुमचं राहिलं होतं."

घरी येऊन मी आत्याला फोन केला. तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "अमेरिकेतला कावळा कसा असतो गं?"

"थोडा मोठा."

"झालं तर मग," ती म्हणाली, आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला.

शनिवारी गटात ही बातमी पोचलीच. पाटणकर काका उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही? हे तिकीट रद्दच व्हायला पाहिजे. धार्मिक बाब आहे, मी स्वतः येतो कोर्टात."

"तुम्ही माझ्या बाजूचे?" मावशी म्हणाल्या.

"अर्थात!"

"मग सरकारी वकील व्हा."

काका खाली बसले. पण नियम तो नियम. त्यांनी मगरी, लहान मुलं, एकाला सवलत, सगळे मुद्दे काढले, आणि इतके चांगले काढले की मावशी शेवटी म्हणाल्या, "मला पटलं. मी दंड भरते."

म्युनिसिपल कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेले. न्यायाधीश वयस्क होते, समोरची म्हातारी बाई पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. काही सांगायचं आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मावशींनी पिंडाचं सांगितलं असतं तर बहुतेक त्यांनी सोडून दिलं असतं. मावशी म्हणाल्या, "गुन्हा कबूल आहे. आणखी काही नाही."

"का नाही सांगितलं?" बाहेर आल्यावर मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

"तुझ्या बाबांचं होतं ते. त्यांच्या मरणावर मी सूट कशाला मागू?"

त्यांचे आभार मानायचे मला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा ते फार उशिराचं आणि फार थोडं वाटलं. मी त्यांना सांगितलं एवढंच, की पुढच्या वाचनात मला परत राजा द्या. त्या खूश झाल्या. "आता तुला त्याची बाजू पटत नाही वाटतं," म्हणाल्या. मी म्हटलं, आता थोडी पटते. "मग नाही मिळणार," त्या म्हणाल्या.

माझे कागद नोव्हेंबरमध्ये आले. त्याच आठवड्यातलं विमान घेतलं. पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का मिळेपर्यंत सांगलीत नऊ आठवडे राहिले. आईबरोबर, आत्याबरोबर. मी तिथे असतानाच मावशी अंगणात पडल्या, खुबा मोडला, आणि मुलगा त्यांना फ्रीमाँटला घेऊन गेला. फोनवर आम्ही बोलायचो. तिथल्या लायब्ररीतही त्यांनी चार माणसं जमवली होती. जावई आणि सासरा एकाच गटात आहेत, खूप मजा येते, असं सांगत होत्या. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्या गेल्या. मुलानं कळवलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एअरपोर्टवर.

त्यांनीच मला सोडायला आणलं होतं. टर्मिनलपाशी गाडी थांबली, मी बॅगा काढल्या. त्या उतरून काहीतरी सांगणार होत्या, एक पाय बाहेर टाकलाही होता, तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेल्या ऑफिसरनं काचेवर टकटक केली. इथे थांबायचं नाही, मॅम. दुसरी कुणी असती तर एक मिनिट म्हणाली असती. मावशींनी पाय आत घेतला, पट्टा लावला, आणि निघून गेल्या. मी फुटपाथवर उभी, त्यांना नीट बघायचंही राहून गेलं.

आत रांग लांब होती आणि काचेला लागून होती. पाचएक मिनिटांनी त्यांची करडी गाडी पुन्हा समोरून गेली. थांबली नाही. फक्त हळू झाली, आणि स्टिअरिंगवरून एक हात वर आला. मला वाटलं रस्ता चुकल्या. मग ती परत आली. टर्मिनलला पूर्ण वळसा घालून, दिलेल्या वेगानं, आपल्या लेनमधून. थांबायला मनाई होती, फिरायला नव्हती. रांग पुढे सरकत होती आणि दर काही मिनिटांनी ती गाडी काचेपलीकडून जात होती. मी सहा वेळा मोजली. शेवटच्या वेळी मी दोन्ही हात वर करून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "मावशी!" म्हणून ओरडले. त्यांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. टोपीखाली एवढंसं डोकं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या रस्त्यावर.